मणक्याला मार लागलेला माणूस घरी आला, आता काय काय करायचं

परवा परत एक फोन आला. धारकडचे एक काका होते, भाचा छतावरून पडलाय, कमरेखाली काही कळत नाही, ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू टाकले, उद्या सुट्टी मिळतेय, आणि मग तोच प्रश्न जो सगळेच विचारतात, "भाऊ, चालेल ना हो तो?" मी म्हटलं काका ते नंतर बोलू, आधी सांगा त्याची लघवी कशी काढताय आणि त्याची पाठ शेवटची कधी बघितली. तिकडे एकदम सामसूम. मग म्हणाले पिशवी लावलीय की, आणि पाठ म्हणजे काय बघायची, पट्टी तर डॉक्टरांनी केलीय.

म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या फोनला हेच पाठवून देईन. मी डॉक्टर नाही, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आहे. इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून टाकी बघायला शिडीवर चढलो आणि शिडी सरकली, एवढीच माझी स्टोरी. दहा वर्षं होत आली. औषधाचा डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी सांगतोय ते घरातलं, जे डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत असतं आणि घरी आल्यावर चोवीस तासांचं काम निघतं.

आधी दोन शब्द समजून घ्या. मणके म्हणजे हाडं आणि त्यांच्या आतून जाते ती मज्जारज्जू म्हणजे वायरिंग. ऑपरेशन हाडांचं होतं, म्हणजे हाड हलू नये आणि वायरवरचा दाब निघावा म्हणून. वायर कुणी जोडत नाही, आज जगात कुठेच जोडत नाहीत. "ऑपरेशन सक्सेसफुल झालं मग पाय का हलत नाहीत" हे भांडण आमच्या मामांनी वॉर्डात तीन दिवस घातलं होतं, त्याचं उत्तर हे आहे.

दुसरं म्हणजे लेव्हल. मानेचे सी१ ते सी८, पाठीचे डी१ ते डी१२ (कागदावर कधी टी लिहितात, एकच ते), कमरेचे एल, मग एस. माझी डी१०, म्हणजे साधारण बेंबीपासून खाली काही नाही. छातीच्या बोंडांच्या लेव्हलला डी४. आणि लेव्हलइतकंच महत्त्वाचं म्हणजे मार कम्प्लीट आहे का इनकम्प्लीट, ते ए बी सी डी ई अशा ग्रेडने लिहितात. ए म्हणजे अगदी शेवटच्या सेगमेंटला, गुदद्वाराजवळ, स्पर्शही कळत नाही आणि आवळताही येत नाही. म्हणून डॉक्टर तिथे बोट घालून तपासतात, लाजू नका, तीच सगळ्यात कामाची तपासणी आहे. ग्रेड विचारा आणि लिहून ठेवा. जी काही सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा महिने ते वर्षभरात होते, नंतर थोडी थोडी, आणि इनकम्प्लीटवाल्यांना कम्प्लीटपेक्षा कितीतरी जास्त. बस, "चालेल का" याचं उत्तर एवढंच आहे, याहून जास्त कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर पाकीट सांभाळा.

झटक्यांचं इथेच सांगतो. सुरुवातीला पाय अगदी लुळे असतात, मग काही आठवड्यांनी एक दिवस चादर ओढताना माझा उजवा पाय फाडकन वर उडाला. आई तशीच उठली, रिक्षा केली आणि खजराना गणपतीला लाडू चढवून आली, सगळ्या गल्लीत प्रसाद. तिला कोण सांगणार की हा पाय माझा ऐकत नाहीये, स्वतःच उडतोय. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात, मेंदूचा लगाम सुटलेला असतो म्हणून खालची वायर आपल्या मनाने काम करते. थोडे झटके बरेच असतात, स्नायू राहतात, रक्त फिरतं. जास्त झाले तर बॅक्लोफेन देतात. त्याची एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा, बॅक्लोफेन कधीही एकदम बंद करायची नाही. स्ट्रिप संपली, उद्या आणू, असं नाही चालत, फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. आणि झटके अचानक वाढले तर गोळी वाढवायच्या आधी खाली शोधा, मूत्राशय भरलंय, इन्फेक्शन आहे, संडास अडकलीय, कुठे जखम आहे, बुटात खडा आहे, नख रुतलंय. पायाला बोलता येत नाही, तो असाच सांगतो.

आता लघवी, माझ्या मते हेच सगळ्यात मोठं प्रकरण. पूर्वी मणक्याच्या मारातून वाचलेली माणसं पुढे किडनी खराब होऊन आणि बेडसोर सडूनच जायची, पाय हलत नाहीत म्हणून कुणी जात नाही. हॉस्पिटलमध्ये फोलीज कॅथेटर (कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, ही आतच राहते) आणि पिशवी लावतात, सुरुवातीला ठीक आहे, पण तीच कायमची ठेवायची का हे सुट्टीच्या आधीच विचारा. ज्याचे हात चालतात त्याच्यासाठी बहुतेक वेळा चांगला रस्ता म्हणजे सीआयसी, दर चार ते सहा तासांनी साधा कॅथेटर घालायचा, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, कॅथेटर काढून टाकायचा. १९७२ साली अमेरिकेत मिशिगनचे जॅक लॅपिडीस नावाचे युरोलॉजिस्ट होते त्यांनी हे रुजवलं. त्यांचं म्हणणं असं की चार-दोन जंतू आत गेले त्यापेक्षा मूत्राशय ताणून भरलेलं राहणं जास्त वाईट, म्हणून ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक नको, स्वच्छ हात पुरे, पण वेळेवर काढा.

मी कसं करतो ते सांगतो. सकाळी पावणेसहाला अलार्म. बेडवरच पाठीला तक्क्या लावून बसतो. साबणाने हात, नुसता हात ओला करणं नाही, बोटांच्या मधे, नखांखाली. जागा साबण-पाण्याने पुसून घ्यायची, कातडी मागे घेऊन. पुरुषांना १२ किंवा १४ नंबरचा नेलाटॉन (हाच तो साधा कॅथेटर) चालतो, मागचं टोक पांढरं म्हणजे १२ आणि हिरवं म्हणजे १४, दवा बाजारात दुकानदाराला रंग सांगितला तरी कळतो. पुढच्या दोन-तीन इंचांना लिग्नोकेनची जेली भरपूर. मग इंद्रिय पोटाच्या दिशेने वर धरायचं, म्हणजे आतला बाक सरळ होतो, आणि दुसऱ्या हाताने हळूहळू सरकवायचं. साधारण पंधरा-वीस सेंटिमीटरवर एक अडथळा लागतो, तिथे सगळे नवे लोक घाबरून जोर लावतात. जोर लावायचा नाही. तसंच धरून थांबा, लांब श्वास घ्या, खोका, तो झडपेचा स्नायू आपणच सैल होतो आणि कॅथेटर आत घसरतो. लघवी सुरू झाली की अजून दोन-तीन सेंटिमीटर आत, मापाच्या डब्यात सोडायचं, धार थांबली की हळूहळू बाहेर ओढत यायचं, मधे परत थेंब आले तर थांबायचं. शेवटी कातडी पुढे घ्यायची, हे विसरलात तर सूज येते. बायकांना मार्ग छोटा, सुरुवातीला आरसा लागतो, मग हाताला सवय होते. कॅथेटर एकदा वापरून फेकायचा हे उत्तम, पण दिवसाचे पाच म्हणजे महिन्याचे दीडशे, सगळ्यांना झेपत नाही, आपल्याकडे बरेच डॉक्टर धुऊन वाळवून परत वापरायला सांगतात, कसं धुवायचं आणि किती दिवस ते त्यांच्याकडूनच शिका. शिकायला एक-दोन दिवस लागतात, नर्सकडून हॉस्पिटलमध्येच शिकून घ्या, घरी आल्यावर कुणी शिकवायला येत नाही.

रक्त आलं, कॅथेटर जातच नाही, किंवा थंडी वाजून ताप आला तर घरी बसू नका.

मापाचा डबा कशाला म्हणाल तर वही कशाला ते आधी सांगतो. वहीत तीन रकाने, वेळ, प्यायलो किती, निघालं किती. एका वेळी पाचशे एमएलच्या वर जाता कामा नये. गेलं तर अंतर कमी करा किंवा पाणी बघा. दिवसभरात दीड ते दोन लिटर, तेही वाटून, असं नाही की दुपारी उन्हातून आलात आणि अख्खी बाटली ढोसली. रात्री आठनंतर मी जवळजवळ काही पीत नाही, सराफ्यात (आमचा रात्रीचा खाऊबाजार) गेलो तरी शिकंजी दुसऱ्याच्या ग्लासातून एक घोट. पिशवीवाल्यांनी पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली ठेवायची, बेडवर मांडीजवळ ठेवून देतात नातेवाईक, सगळं उलटं आत जातं. नळी मांडीला चिकटपट्टीने नीट बांधा, ओढ बसू देऊ नका, आणि बदलायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा.

अजून एक, लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स किंवा जंतू दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिक सुरू, असं करू नका. कॅथेटरवाल्यांच्या लघवीत जंतू असतातच. ताप, झटके वाढणं, मधेच गळायला लागणं, अंग मोडून येणं, असं काही असेल तर इन्फेक्शन. नाहीतर पुढे खरंच गरज पडते तेव्हा कुठलंच औषध लागू पडत नाही, माझ्या ओळखीत झालंय. आणि वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी, काही होत नसलं तरी.

मानेचा किंवा डी६ पर्यंतचा (डी६ धरून वरचा) मार असेल तर हा पॅरा घरातल्या प्रत्येकाने वाचा, शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. अचानक डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घाम, अंगावर काटा, नाक चोंदलं आणि बीपी वाढलं, तर याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि ही इमर्जन्सी आहे. खालून काहीतरी टोचतंय पण निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून शरीर नुसतं बीपी चढवत बसतं. मानेवाल्यांचं नेहमीचं बीपी नव्वद-शंभरच असतं, त्यामुळे त्यांना १४० म्हणजे खूप झालं, आणि कुठल्यातरी कंपाउंडरने १४० बघून "नॉर्मल आहे" म्हटलं तर ऐकू नका, नेहमीपेक्षा वीस ते चाळीसने वर गेलं की हेच. आडवं करायचं नाही! आपल्याकडे कुणाला काही झालं की आधी आडवं करतात. सरळ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-नाडी-मोजे सगळं सैल. मग मूत्राशय बघा, पिशवीची नळी दुमडलीय का, बुजलीय का, सीआयसीवाला असेल तर लगेच कॅथेटर. दहातले आठ वेळा तिथेच सापडतं (हा माझा हिशोब, पुस्तकातला नाही). नाही सापडलं तर संडास अडकलीय का, जेली लावून हळूच बघा, मग जखम, नख, मांडीखाली राहिलेलं काही. उतरत नसेल तर थेट हॉस्पिटल, आणि तिथल्या ड्युटीवरच्या मुलाला हे नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवा, सगळ्यांनी वाचलेलं नसतं. फिजिओच्या रांगेत मला भेटायचा तो सी६ वाला मुलगा ही चिठ्ठी आधारकार्डाच्या कव्हरमध्येच ठेवतो.

आता कातडी. इथे मी स्वतः गाढवपणा केलाय म्हणून सविस्तर.

सात वर्षं एक जखम नाही, मला वाटायला लागलं मी एक्स्पर्ट. भाच्याचं लग्न पुण्याला. इंदूर ते पुणे म्हणजे सहाशे किलोमीटरच्या आसपास, गाडीत माझी खुर्चीवरची गादी ठेवली तर डोकं छताला लागत होतं म्हणून ती डिकीत टाकली, आणि बारा तास गप्पा मारत, भजी खात, एकदाही ढुंगण न उचलता बसून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने कपडे बदलताना बघितलं तर डाव्या बसायच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग. तिने अंगठ्याने दाबला, सोडला. चांगली कातडी दाबली की पांढरी पडते आणि परत लाल होते. हा दाबला तरी लालच. ती म्हणाली आज खुर्चीवर बसू नका. मी म्हटलं अगं लग्न आहे. दोन दिवस बसलो, फेटा बांधून, फोटो छान आलेत. परत आल्यावर त्याच जागी कातडी काळी पडली, आणि डॉक्टरांनी मेलेली कातडी कापली तेव्हा खाली लिंबाएवढा खड्डा. चार महिने पालथा पडून होतो, जेवणसुद्धा पालथं. वरून रुपया दिसतो तेव्हा आत लिंबू झालेलं असतं, कारण दाब हाडाजवळ सगळ्यात जास्त असतो.

तर नियम. बेडवर दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा, सुरुवातीला तरी. इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडव्हिलला १९४४ साली लुडविग गुटमन यांनी वॉर्ड सुरू केला तेव्हाही हेच, दिवसरात्र दर दोन तासांनी कूस, औषधं नंतरची. डावी कूस, पाठ, उजवी कूस. कुशीवर म्हणजे पूर्ण काटकोनात नाही, त्याने खुब्याच्या हाडावर सगळं वजन येतं, पाठीला उशी देऊन थोडं तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मधे उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा हवेत राहतील, टाच गादीला टेकलीच नाही पाहिजे. एअर मॅट्रेस घ्या, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं बंद नाही. मधे भोक असलेली ती रबराची रिंग घेऊ नका, ती कडेने रक्त अडवते, मेडिकलवाला आग्रहाने देईल तरी. खुर्चीवर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाका, छाती मांडीला लागेल एवढं, आणि दोन मिनिटं थांबा. हातांवर उचलून धरायची पण पद्धत आहे, पण दोन मिनिटं कुणी उचलून धरत नाही आणि खांदे जातात, त्यापेक्षा वाकणं बरं. रोज सकाळ-संध्याकाळ आरशात किंवा मोबाईलने फोटो काढून माकडहाड, बसायची हाडं, खुबे, टाचा, घोटे बघायचे. लाल दिसलं तर चोळायचं नाही, तेल नाही, पावडर नाही, फक्त त्या जागेवर वजन देणं बंद, लाली पूर्ण जाईपर्यंत. जखम असेल तर खाण्यात प्रोटीन वाढवा, डाळ, दही, पनीर, अंडी. नुसते पोहे-जलेबीवर जखम भरत नाही, बोलतोय इंदूरचा माणूस, समजा किती जड मनाने.

शेक हा वेगळा शत्रू. डिसेंबरात मावशी आली, माझे पाय गार लागले तिला, प्रेमाने गरम पाण्याची पिशवी ठेवून गेली. मला काय कळणार. पोटरीवर हा एवढा फोड, सहा आठवडे. गरम पिशवी, हीटर, मांडीवर लॅपटॉप, चहाचा कप मांडीत धरणं, सगळं बंद. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा. उन्हाळ्यात उलट भानगड, मानेवाल्यांना मार लागलेल्या लेव्हलच्या खाली घाम येत नाही, आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस डिग्री होते तेव्हा त्यांचं अंग तापत जातं आणि ताप समजून क्रोसिन देतात. फवारणीची बाटली, ओला टॉवेल, पंखा, आणि बंद गाडीत कधीच थांबवू नका.

संडासचं थोडक्यात, पण टाळू नका कारण बाहेर जायचं धाडस यावरच आहे. रोज किंवा एक दिवसाआड एकच वेळ ठरवा. जेवण-नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी आतडी आपोआप हलतात, तो मुहूर्त साधायचा. ज्यांचा मार वर आहे त्यांचा रिफ्लेक्स शाबूत असतो, त्यांना सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची गोळी) आणि मग ग्लोव्ह-जेली लावून बोट हळू गोल फिरवणं, की आतडी स्वतः ढकलतात. ज्यांचा मार अगदी खाली, त्यांचं सगळं ढिलं असतं, त्यांना बोटाने काढावंच लागतं, बहुतेक रोज. घरच्यांनी करायचं असेल तर डाव्या कुशीवर झोपवून. पहिल्यांदा मी बायकोसमोर रडलो होतो, आता आम्ही त्या वेळात भाजी काय आणायची ते ठरवतो. अचानक पातळ व्हायला लागली तर लगेच जुलाबाचं औषध देऊ नका, कधी कधी वर खडा अडकलेला असतो आणि कडेने पाणी गळतं.

पहिले तीन महिने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून ती पोटातली इंजेक्शनं देतात, ती मधेच सोडू नका. रोज सकाळी शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच जागी मोजा, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं. एक दुसऱ्यापेक्षा तीन सेंटिमीटर जास्त, किंवा एकच पाय सुजलेला आणि गरम, तर त्या दिवशीच डॉक्टर. आणि तो पाय चोळायचा नाही. आपल्याकडे कुणीतरी मालिशवाला पाठवतंच, महानारायण तेलाने नसा मोकळ्या होतील म्हणून, पण सुजलेल्या पायाची मालिश म्हणजे ती गाठ सुटून फुप्फुसात पाठवणं. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर १०८.

व्यायाम आता. फिजिओ आठवड्यातून तीनदा येऊ दे, बाकी दिवस घरच्यांनी. दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा पूर्ण फिरवायचा, हळू, झटका आला तर थांबून. घोटा काटकोनात आणायचा, नाहीतर पाऊल खाली लोंबून तसंच आखडतं आणि मग खुर्चीच्या फूटरेस्टवरही बसत नाही. गुडघा सरळ ठेवून पाय वर. रोज अर्धा तास पालथं, म्हणजे खुबे वाकडे होत नाहीत. जास्त जोर लावू नका, हाडं लवकर ठिसूळ होतात, मांडीचं हाड मोडलं तरी पेशंटला कळत नाही, फक्त सूज दिसते. सी६ वाल्यांसाठी एक खास गोष्ट, जी घरचे प्रेमापोटी बिघडवतात. त्यांना बोटं मिटता येत नाहीत पण मनगट वर उचलता येतं, आणि मनगट उचललं की बोटं थोडी आखडलेली असली तर आपोआप मिटतात, त्या पकडीत चमचा धरता येतो, कॅथेटर धरता येतो. म्हणून मनगट मागे आणि बोटं सरळ असं एकाच वेळी कधी ताणायचं नाही. सरळ बोटं दिसायला छान, पण चमचा गेला.

वरचं शरीर जेवढं बनेल तेवढं बनवा. आपले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याचा मार, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण. आपल्याला मेडल नकोय, बेडवरून खुर्चीवर स्वतः जाता आलं तरी पुष्कळ. ते असं, खुर्ची बेडला तिरकी लावा, ब्रेक दोन्ही, खुर्चीचा बेडकडचा हात (आर्मरेस्ट) काढून टाका, फूटरेस्ट बाजूला, पाय जमिनीवर सपाट. ढुंगण खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत आणा. एक हात बेडवर, एक खुर्चीवर. डोकं बेडच्या उलट दिशेला आणि खाली घाला, की ढुंगण आपोआप उचलून बेडकडे जातं, तराजूसारखं. घसटत जायचं नाही, कातडी सोलते. सुरुवातीला फळी घ्या, गुळगुळीत पॉलिश केलेली, सुतार करून देतो. मदत करणाऱ्याने समोर उभं राहून आपल्या गुडघ्यांनी त्याचे गुडघे अडवायचे, आणि काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो.

उभं राहण्याचं म्हणाल तर कॅलिपर (पायांना बांधायचा आधाराचा सांगाडा) लावून, वॉकर धरून मी घरात चालतो, दहा पावलं, घामाघूम. व्यायाम म्हणून छान. बाजारात जायला खुर्चीच. हे पटायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत खुर्ची नको नको म्हणत मी घराबाहेर पडलो नाही, ती दोन वर्षं फुकट गेली खरं तर. त्याच काळात एकाने स्टेम सेलचं सांगितलं, तीन इंजेक्शनं, काही लाख. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे, मणक्याच्या मारासाठी स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कुणी शेत विकायला निघालं असेल तर भिया (इंदुरीत भाऊ), आधी हे दाखवा.

खुर्ची स्टेशनवर असते तसली घेऊ नका. सीटची रुंदी तुमच्या ढुंगणापेक्षा इंचभर जास्त, बस, खोली अशी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी राहतील, फूटरेस्ट एवढं की मांडी पूर्ण गादीवर टेकेल. पैसे कमी असतील तर खुर्ची साधी घ्या पण गादी चांगली घ्या. घराचं माप खुर्ची घ्यायच्या आधी, बाथरूमचं दार बहुतेक अडतं, आमचं चौकट काढून बाहेर उघडणारं केलं. रॅम्पला एक इंच चढाला बारा इंच लांबी लागते, म्हणजे आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या अठरा इंच तर रॅम्प अठरा फूट, गल्लीत कुठून आणणार, म्हणून वळवून घेतला, शेजारच्यांनी स्वतःचा कोपरा दिला. वापरलेले कॅथेटर, डायपर वेगळ्या पिशवीत बांधून, आमच्या कचरा गाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा असतो, गाडीवाला पहिल्या आठवड्यात विचारेल, सांगून टाका.

नवरा-बायकोचं डॉक्टरांना मोकळं विचारा, मुलं होऊ शकतात, पुरुषांना बऱ्याचदा थोडी मदत लागते, बायकांची पाळी काही महिन्यांत परत येते आणि दिवसही जातात. फक्त मानेच्या आणि डी६ पर्यंतच्या मारवाल्यांच्या बाळंतपणात वर सांगितलेल्या बीपीच्या प्रकाराची डॉक्टरांना आधीच कल्पना द्या. आणि माणूस आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडत असेल, जेवत नसेल, तर ते नाटक नाही, त्याचीही औषधं असतात.

कागदं. रस्त्यावरचा अपघात असेल तर क्लेमसाठी वकील लगेच गाठा, २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि ते सहा महिने हॉस्पिटलमध्येच जातात. एफआयआर, डिस्चार्ज, सगळी बिलं यांचे दोन सेट. मग यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), २०१६ च्या कायद्याप्रमाणे चाळीस टक्के आणि वर असेल तर सवलती सुरू होतात. रेल्वेला एकट्याने प्रवास जमत नसलेल्यांना स्लीपर आणि थर्ड एसीत पंचाहत्तर टक्के सूट, बरोबरच्या एकालाही. इन्कम टॅक्समध्ये जुन्या पद्धतीने अपंगत्वाच्या वजावटीत (लोक ८०यू म्हणतात) पंचाहत्तर हजार, आणि ऐंशी टक्के आणि वर असेल तर सव्वा लाख.

आणि दाराच्या मागे एक पिशवी कायम टांगलेली ठेवा. माझ्या पिशवीत चार कॅथेटर, जेली, हात धुवायची छोटी साबणाची बाटली, ग्लोव्ह, एक जादा पॅन्ट, जुना टॉवेल, दोन दिवसांच्या गोळ्या, डिस्चार्जची झेरॉक्स, आणि झाकणवाला रिकामा डबा. डबा आधी नव्हता, एकदा राजवाड्याच्या गर्दीत गाडी दीड तास अडकली होती तेव्हापासून आहे.